आरोग्यनीतीचे संशोधन : एक नवा विद्यामार्ग व त्याची गुरुपरंपरा

आपल्या व्यापारी घराण्यांत मुलगा अथवा मुलगी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली की पुढील शिक्षणाचा विचार दोन-तीन ठराविक वाटांनीच चालतो. मूल हुशार असले तर डॉक्टर किंवा इंजिनियर, हिशेबाची आवड असली तर चार्टर्ड अकाउंटंट, आणि यांपैकी काहीच जमले नाही तर पेढी आहेच! या वाटा वाईट आहेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु वैद्यक आणि हिशेब या दोन्ही विद्यांचा जेथे संगम होतो, असे एक शास्त्र आज जगातील मोठमोठ्या विद्यापीठांत शिकविले जाते आणि त्याचे नावही आपल्या घरांत क्वचितच निघते. ते शास्त्र म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे व आरोग्यनीतीचे संशोधन होय. व्यापारी बंधुभगिनींस व विशेषतः त्यांच्या मुलाबाळांस त्याचा परिचय व्हावा, हा या लेखाचा हेतू आहे.

डॉक्टर एका रोग्याची नाडी पाहतो. आरोग्यनीतीचा अभ्यासक सबंध तालुक्याची नाडी पाहतो. या भागात दर हजार बालकांमागे किती दगावतात? कोणत्या कारणाने? त्यांतील किती मृत्यू टळण्यासारखे होते? ते टाळण्याचा उपाय कोणी करावा, किती खर्चात करावा, आणि सरकारने अथवा धर्मादाय संस्थेने खर्च केलेला पैसा खरोखर रोग्यापर्यंत पोहोचतो की वाटेतच मुरतो? या प्रश्नांची उत्तरे तर्काने देता येत नाहीत, ती मोजून द्यावी लागतात. एका गिऱ्हाइकाचे खाते पाहून दुकानाची स्थिती कळत नाही, त्यासाठी कीर्द, खतावणी व तेरीज जुळवावी लागते, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. राष्ट्राच्या आरोग्याची तेरीज जुळविण्याचे काम हे शास्त्र करते.

ही तेरीज किती महत्त्वाची आहे हे एका आकड्यावरून ध्यानात येईल. भारत सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे 2013-14 साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी 64.2 टक्के खर्च लोक थेट स्वतःच्या खिशातून करीत होते. 2021-22 साली हे प्रमाण 39.4 टक्क्यांवर आले. प्रमाण घटले ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही चालते घर एका दुखण्याने कसे कर्जात बुडते, हे गावोगावच्या दुकानदाराला आपल्या उधारीच्या वहीतूनच दिसत असते. वहीत दिसते ते एका घराचे दुःख. शेकडो घरांचे दुःख एकत्र मांडून त्यावर उपाय सुचविणे हे संशोधकाचे काम.

व्यापाऱ्याच्या धनातून उभे राहिलेले विद्यापीठ

या शास्त्राचे एक प्रमुख पीठ अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी आहे, आणि त्याचा उगम एका व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रात आहे. जॉन्स हॉपकिन्स (1795–1873) हा तरुणपणी आपल्या काकांच्या किराणा दुकानात काम शिकला. पुढे त्याने भावांना हाताशी धरून घाऊक व्यापाराची पेढी काढली आणि रेल्वेच्या भागांत पैसा गुंतवून मोठी संपत्ती मिळविली. तो अविवाहित होता. मृत्युपत्रान्वये त्याने सुमारे 70 लक्ष डॉलर एक विद्यापीठ व एक रुग्णालय यांसाठी ठेविले. विद्यापीठ 1876 मध्ये व रुग्णालय 1889 मध्ये सुरू झाले. सार्वजनिक आरोग्याचे विद्यालय रॉकफेलर प्रतिष्ठानच्या द्रव्यसाहाय्याने 1916 मध्ये स्थापन झाले. खात्याची नावेची बाजूही सांगितली पाहिजे. 1840 व 1850 च्या शिरगणतीत हॉपकिन्सच्या घरी गुलाम असल्याची नोंद आहे, हे त्याच विद्यापीठाने 2020 मध्ये स्वतः शोधून जाहीर केले. दात्याच्या गौरवापेक्षा सत्य मोठे मानणे हेही संशोधनाच्या शिस्तीचेच लक्षण म्हणावयास हवे.

डॉ. कार्ल टेलर

या विद्यालयात 1961 साली आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग उभा करणारे प्राध्यापक म्हणजे डॉ. कार्ल टेलर. त्यांचा जन्म 1916 मध्ये हिमालयाच्या पायथ्याशी मसुरीजवळ लंढौर येथे झाला. आईवडील वैद्यकीय मिशनरी होते. हार्वर्ड येथे वैद्यक शिकून ते हिंदुस्थानात परत आले व काही वर्षे त्यांनी येथेच काम केले. पुढे पंजाबात लुधियाना जिल्ह्यातील नारंगवाल या गावी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 पर्यंत जो प्रयोग चालविला, तो या शास्त्रात प्रसिद्ध आहे. कुपोषण व संसर्ग हे दोन शत्रू एकमेकांस बळ देतात, म्हणून दोघांवर एकाच वेळी चाल करावी, आणि ती मोठ्या इस्पितळातून न करता गावात राहणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून करावी, हा त्यांच्या कार्याचा गाभा होता. 1978 साली अल्मा-आता येथे भरलेल्या जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला. त्याच्या पूर्वतयारीत टेलर यांचा हात होता. 2010 मध्ये वयाच्या 93 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तथापि टेलर यांची खरी कमाई त्यांचे शिष्य होत, आणि त्यांतील दोन जोडपी आपल्या महाराष्ट्रातील आहेत.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी वेल्लोर येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले, नगर जिल्ह्यातील मिशनच्या इस्पितळात काम केले आणि नंतर हॉपकिन्स येथे सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. 1970 साली ते परतले ते थेट जामखेडसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात. गावातील स्त्रियांना, मग त्या निरक्षर का असेनात, आरोग्याचे शिक्षण देऊन त्यांच्या हाती गावाचे आरोग्य सोपविण्याचा त्यांचा उपक्रम जगभर अभ्यासिला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आहे. 1979 मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

दुसरे जोडपे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचे. दोघांनी 1984 मध्ये हॉपकिन्स येथील पदवी घेतली. परत आल्यावर त्यांनी गडचिरोली जिल्हा निवडला. संशोधन जेथे साधने आहेत तेथे न करता जेथे प्रश्न आहेत तेथे करावे, ही त्यांची भूमिका होती. आरंभ झाला तो तेंदूपाने साठविण्याच्या एका गोदामात! आपणांपैकी अनेकांच्या वखारी हंगामाखेरीज रिकाम्या असतात. त्या जागेत काय घडू शकते याचे हे उदाहरण मनात ठेवण्यासारखे आहे.

मोजमापातून धोरण

गडचिरोलीतील तीन कामे थोडक्यात सांगतो, कारण संशोधनातून नीती कशी घडते हे त्यांवरून स्पष्ट होते.

पहिले काम स्त्रियांच्या आजारांचे. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी 92 टक्के स्त्रियांस स्त्रीरोग असल्याचे आढळले; पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ 8 टक्के होत्या. हा निबंध 1989 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन एवढेच समजणाऱ्या धोरणकर्त्यांस हा मोठाच धक्का होता.

दुसरे काम बालकांच्या न्यूमोनियाचे. श्वास किती वेगाने चालतो यावरून हा रोग ओळखता येतो. परंतु ज्या दाईस पन्नास-साठपर्यंत मोजता येत नाही, तिने काय करावे? बंग यांनी वाळूचे घड्याळ व मणी यांचे एक साधे यंत्र बनविले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला की न्यूमोनिया समजावयाचा. ज्ञान गरिबाच्या हातात बसेल असे घडविणे ही संशोधनाची श्रेष्ठ कसोटी नव्हे काय?

तिसरे काम नवजात अर्भकांचे. 39 गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रिया, ज्यांस तेथे ‘आरोग्यदूत’ म्हणतात, घरी जाऊन बाळाचे वजन घेत, ताप पाहत, गुदमरलेल्या बाळास श्वास देत व जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शनही देत. शेजारच्या 47 गावांत ही व्यवस्था नव्हती. तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली सिद्ध करून दाखविण्यात आले. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी गृहभेटींची शिफारस केली, आणि 2011 मध्ये भारत सरकारने ही पद्धत ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर लागू करण्याचे ठरविले. प्रयोगास 1995 मध्ये आरंभ झाला होता. म्हणजे गडचिरोलीतील घरापासून दिल्लीतील निर्णयापर्यंत सोळा वर्षे लागली. या धंद्यात नफा असा दीर्घ मुदतीने येतो.

बेळगावकर वाचकांस असे उदाहरण घराजवळही सापडेल. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या अध्यापकांनी परदेशी सहकाऱ्यांसमवेत जिल्ह्यातील खेड्यांत 1,620 बाळंतिणींवर एक परीक्षा केली. परिचारिकेने मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्यास प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर येते, असे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने दाखविले. शीतपेटीवाचून टिकणारी ही गोळी खेड्यातील किती मातांचा आधार झाली असेल, याची कल्पनाच करावी.

गुरू कसा ओळखावा

वरील हकीकतीत एक गोष्ट वारंवार दिसते. पदवी विद्यापीठ देते, दृष्टी मात्र गुरू देतो. पेढीवर नवा गुमास्ता जसा जुन्या मुनिमाच्या शेजारी बसून माल पारखावयास, माणूस पारखावयास व तोंड आवरावयास शिकतो, तसेच हे आहे. प्रश्न कसा विचारावा, आकडा आपल्या मताविरुद्ध गेला तरी तो कसा लपवू नये, निबंध पाचव्यांदा कसा लिहावा, गावकऱ्यांच्या अंगणात कसे बसावे, या गोष्टी छापील पुस्तकात मिळत नाहीत.

म्हणून विद्यार्थ्याने संस्थेच्या नावावर न भुलता मार्गदर्शकाची चौकशी करावी. त्याचे जुने विद्यार्थी आज कोठे आहेत? निबंधावर तो विद्यार्थ्याचे नाव योग्य ठिकाणी घालतो काय? तो स्वतः खेड्यात जातो, की केवळ विद्यार्थ्यांस पाठवितो? मतभेद सहन करतो काय? आणि वेळ आली की शिष्यास मोकळे सोडतो काय? शिष्याचे श्रम स्वतःच्या नावावर खपविणारे अध्यापकही जगात आहेत; त्यांच्यापासून दूर राहिलेले बरे. चांगल्या गुरूचे शिष्य त्याची नक्कल करीत नाहीत. आरोळे व बंग एकाच गुरूचे शिष्य. पण जामखेड निराळे आणि गडचिरोली निराळे.

वाट कशी आहे?

या विद्येसाठी डॉक्टरच असावे लागते, ही समजूत खरी नाही. संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व वाणिज्य या शाखांच्या पदवीधरांसही अनेक संस्था सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास घेतात. प्रत्येक ठिकाणचे नियम आधी पाहून घ्यावेत. आपल्या देशात हा अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा असतो. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, त्रिवेंद्रमचे अच्युत मेनन केंद्र, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील सामाजिक वैद्यक केंद्र, तसेच हैदराबाद व गांधीनगर येथील भारतीय जनस्वास्थ्य संस्था ही त्यांतील काही नामांकित स्थाने होत. हैदराबादेस 1958 पासून राष्ट्रीय पोषण संस्थाही आहे. पदव्युत्तर शिक्षणानंतर संशोधन-साहाय्यक म्हणून दोन-तीन वर्षे, मग पीएच.डी., व नंतर विद्यापीठ, शासन अथवा आंतरराष्ट्रीय संस्था, असा सर्वसाधारण क्रम आहे.

पालकांपासून काही लपवून ठेवणे योग्य नाही. खाजगी दवाखान्याची अथवा चार्टर्ड अकाउंटंटची प्राप्ती येथे नाही. तिशी उलटेपर्यंत स्थैर्य येईलच असे नाही. पुष्कळ नेमणुका ठराविक मुदतीच्या असतात. मुलीस खेड्यात मुक्काम करावा लागेल, आणि लग्नाच्या बैठकीत ‘मुलगी नेमके काय करते?’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. परंतु ज्या घरात रोज संध्याकाळी गल्ला मोजून मगच जेवावयास बसण्याची शिस्त आहे, त्या घरातील मुलास आकड्यांशी प्रामाणिक राहणे जन्मतःच ठाऊक असते. या विद्येस नेमके हेच भांडवल लागते.

आपले कर्तव्य

आपल्या दानाची परंपरा मोठी आहे. धर्मार्थ दवाखाने, पाणपोया, विद्यार्थी वसतिगृहे आपण उभी केली. दवाखान्याच्या पायरीवर रोज किती रोगी येतात हे आपण मोजतो. पण ते मुळात आजारी का पडतात, हे मोजणाऱ्या तरुणास साहाय्य करण्याचे आपल्या मनात अद्याप फारसे आलेले नाही. शिष्यवृत्त्या बहुधा परीक्षेतील गुण व पदवीचे नाव पाहून दिल्या जातात. त्यांतील थोडा भाग या विद्येसाठी राखून ठेवावा, ही सूचना संस्थेच्या चालकांपुढे नम्रपणे मांडावीशी वाटते. प्रवेशशुल्कापेक्षाही प्रत्यक्ष खेड्यात काढावयाच्या वर्षाचा खर्च विद्यार्थ्यास जड जातो, तो उचलावा. कर्जाऊ रक्कम दिल्यास फेडीची मुदत लांब ठेवावी. औषधांच्या व्यापारातील सभासदांनी भावांच्या चढउताराची व पुरवठ्याची माहिती अभ्यासकांस मोकळेपणाने समजावून द्यावी. तेही एक प्रकारचे गुरुत्वच होय.

बाल्टिमोरच्या किराणा व्यापाऱ्याने जामखेड अथवा गडचिरोली ही नावे कधी ऐकली नसतील. त्याने ठेव ठेवली, तिच्यातून विद्यालय उभे राहिले, विद्यालयात गुरू आला, गुरूकडे शिष्य गेले, आणि शिष्य परत येऊन खेड्यांत बसले, म्हणून आपल्याकडील कित्येक अर्भके आज हसत आहेत. आपल्याही ठेवीचे व्याज असेच अनोळखी घरी जमा व्हावे, आणि ती वही लिहिणारा हात आपल्याच एखाद्या मुलाचा वा मुलीचा असावा, एवढीच या वार्षिक प्रसंगी इच्छा!