आधी क्लच, मग गिअरबॉक्स

गिअर पडत नाही म्हणून गाडी गॅरेजात नेली आणि मिस्त्री थेट गिअरबॉक्स उतरवायच्या गोष्टी करू लागला, तर त्याला थांबवा. आधी इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत सगळे गिअर टाकून पाहा. एखाद्या वेळी दातावर दात येऊन गिअर अडतो. गाडी जराशी पुढेमागे ढकलून पुन्हा टाका. मग इंजिन चालू करून हेच करा. बंद गाडीत गिअर अलगद पडले आणि चालू गाडीत अडले, तर पहिला संशय क्लचवर घ्यावा. दोन्ही वेळा अडले, तर लिव्हरपासून बॉक्सपर्यंतचे रॉड, केबल आणि झिजलेले बूश तपासावेत. एवढ्याशा परीक्षेने निम्मं निदान होतं, आणि ती न करताच बॉक्स खोलणं हा गाडीवर अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

माझ्यासारख्या भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये राहणाऱ्याला यंत्रांची गोडी लागायला वेगळं निमित्त लागत नाही. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून पोलाद कारखाना आला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं आणि भोवती सेक्टरांची वसाहत वाढली. 1956 पर्यंत या भागाची राजधानी नागपूरच होती, त्यामुळे मराठी माणसाला हा मुलूख परका नव्हता. बेअरिंग, कपलिंग, गिअर या विषयांवर तासभर बोलणारा निवृत्त फिटर इथे सहज भेटतो.

माझा जीव मात्र अडकला आहे तो सिंक्रो रिंगमध्ये. बांगडीएवढी ही पितळी रिंग असते. पूर्वी ती नव्हती, तेव्हा ड्रायव्हर क्लच दोनदा दाबायचा: एकदा न्यूट्रलमध्ये येताना आणि पुन्हा नव्या गिअरमध्ये जाताना; खालचा गिअर टाकायचा असेल तर मधे रेसही द्यायचा. अर्ल थॉम्पसन या अमेरिकन अभियंत्याची सिंक्रोमेशची कल्पना 1928 मध्ये कॅडिलॅक गाडीत आली आणि ही कसरत संपत गेली. गिअरबॉक्समधले पुढचे गिअर कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. आपण लिव्हर हलवतो तेव्हा एक स्लीव्ह सरकते आणि हवा तो गिअर शाफ्टला जखडते. पण दोघांचा वेग सारखा नसेल तर दात दातांवर आदळणार. इथे रिंग कामाला येते. ती आतल्या उताराने गिअरच्या शंकूवर घासते, वेग जुळवते आणि जुळेपर्यंत स्लीव्हला पुढे जाऊ देत नाही.

समजा, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन 3000 फेऱ्यांवर आहे आणि तिसऱ्यात गाडीच्या त्याच वेगाला 2000 फेऱ्या लागतात. क्लच पूर्ण सुटला असेल तर रिंगला फक्त क्लच प्लेट, इनपुट शाफ्ट आणि त्याला जोडलेले गिअर एवढ्यांनाच हजार फेऱ्यांनी मंदावायचं असतं. क्लच अर्धवट सुटत असेल तर इंजिन शाफ्टला ओढतच राहतं आणि बिचारी रिंग सगळ्या इंजिनाशी झुंजते. ती झिजते ती अशी. म्हणून गिअरबॉक्सची कितीतरी दुखणी क्लचमध्ये सुरू होतात.

भिलाईच्याच पॉवर हाऊस भागात एका जुन्या मिस्त्रींकडे मी नेहमी जातो. ते झिजलेली रिंग शंकूवर बसवतात आणि फट फीलर गेजने मोजून दाखवतात. बऱ्याच छोट्या गाड्यांत नव्या रिंगला साधारण एक मिलिमीटरची फट असते. ती निम्म्यावर आली की रिंग संपली. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावा. बॉक्स न खोलता रिंग ओळखायची असेल, तर फक्त एकाच गिअरला, बहुधा दुसऱ्याला, कर्रकन आवाज येतो का ते ऐका. मग जुन्या पद्धतीने क्लच दोनदा दाबून तोच गिअर टाका. आवाज गेला, तर दोष रिंगचा.

क्लच ओढतो का, हे रिव्हर्स सांगतो, कारण बऱ्याच गाड्यांत त्याला सिंक्रो नसतो. क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही करकरला, तर क्लच सुटत नाही. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडला, तर तेल कमी झालंय किंवा हवा शिरलीय. केबलवाल्या गाडीत फ्री प्ले आणि तुटत आलेल्या तारा बघाव्यात. सगळ्यांत आधी पेडलखालचा जाड मॅट काढा. पेडल पूर्ण खाली जात नसेल तर बाकीची तपासणी व्यर्थ.

इतर खुणा थोडक्यात. थंडीत पहाटेच्या पाळीला निघताना गिअर जड आणि गाडी तापल्यावर हलका, तर गिअर ऑइल पाहा. मॅन्युअलमध्ये जीएल-4 दर्जाचं ऑइल लिहिलं असेल तर जीएल-5 ओतू नका. त्यातली गंधकयुक्त रसायनं काही वेळा पितळेला बाधतात. गिअर आपोआप सुटून न्यूट्रल होत असेल, तर आतली स्प्रिंग-गोळी, झिजलेले दात किंवा इंजिनाचं फाउंडेशन तपासा. न्यूट्रलमध्ये घरघर आणि क्लच दाबल्यावर शांतता, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज, तर रिलीज बेअरिंग.

हँड गिअरच्या, म्हणजे स्टिअरिंगजवळ लिव्हर असलेल्या अॅम्बॅसॅडरमध्ये दांड्या अडकून गिअर जाम व्हायचा, तेव्हा ड्रायव्हर बॉनेट उघडून त्या हाताने सरळ करायचे. 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 ने फ्लोअर गिअर घरोघरी नेला, पण झिजलेल्या बूशचा ढिलेपणा तिथेही राहिला. म्हणून लिव्हर हातात डुलत असेल तर स्वस्तातला बूश आधी बदला.

दिवाळीत नागपूरला किंवा केशकाल घाटाकडे निघायच्या आधी या परीक्षा मोकळ्या, सपाट रस्त्यावर करून घ्या. बॉक्स उतरवावाच लागला, तर नुसती रिंग बदलून थांबू नका. क्लच प्लेट बदलायलाही बहुतेक गाड्यांत बॉक्स उतरवावाच लागतो, म्हणजे मजुरी एकदाच पडते. क्लच तसाच ठेवला, तर नवी रिंगही जुन्या रिंगच्याच वाटेने जाईल.