दारावरचे ‘एल्डर’

मॉरिसव्हिलला आपल्या वस्तीत कधी पांढरा शर्ट, टाय आणि काळी नावपट्टी लावलेले दोन तरुण दार वाजवतात. पट्टीवर ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा, असे असते. वय मात्र जेमतेम अठरा-वीस. हे मॉर्मन मिशनरी. त्यांचा दिनक्रम समजल्यावर मला त्यांच्याविषयी कुतूहल वाटू लागले.

साडेसहाला उठायचे, व्यायाम, न्याहारी, मग धर्मग्रंथांचे वाचन. परदेशी पाठवलेल्याला तिथली भाषाही शिकावी लागते. त्यानंतर रात्रीपर्यंत लोकांच्या भेटी आणि साडेदहाला झोप. जोडीदाराला सोडून एकट्याने फिरायचे नाही. कपडे धुणे, वाणसामान यांसाठी आठवड्यातला एक दिवस राखलेला. असे दोन वर्षे, तेही बिनपगारी! खर्च बहुधा स्वतःच्या बचतीतून नाहीतर घरच्यांकडून. 2019 पर्यंत घरी फोन साधारण वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनी. आता दर आठवड्याला करता येतो.

मराठी मुलखालाही हे लोक नवे नाहीत. ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक 1852 मध्ये मुंबईत आला आणि पुढे पुण्यातही राहिला.

धर्मांतराचा विषय निघाला की आपण बिचकतो, ते स्वाभाविकच आहे. मग सरळ, पण गोडीने ‘नको’ म्हणावे. ते ऐकायची त्यांना सवय असते. चहा मात्र विचारू नये, कारण चहा-कॉफी त्यांना वर्ज्य. लिंबाचे सरबत चालते. आपणही कोवळ्या वयातच घर सोडले होते, आणि आपली आईसुद्धा पत्राची वाट पाहत होती.