टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे!

मागच्या महिन्यात आईचा फोन. "अगं, फिल्टरवाला येऊन मीटर बुडवून गेला. ८५० आलं! हे पाणी प्यायचं तरी कसं?" भूजलावर पीएच.डी. करतेय म्हटल्यावर असे फोन येणारच. पण हा प्रश्न तुमच्याही घरी पडला असेल, म्हणून लिहितेय.

तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा, म्हणजे टीडीएसचा, अंदाज देतो. त्यात साधं मीठही आलं. जडपणा मात्र मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. आपल्या काळ्या पाषाणातून मुरताना पाणी हे दोन्ही सोबत घेतं, म्हणून बोअरचं पाणी बऱ्याचदा जड लागतं.

भारतीय मानकात (आयएस १०५००) टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर २०००. जडपणासाठी हेच आकडे २०० आणि ६००. म्हणजे ८५० हे काही विष नव्हे. उलट, आकडा कमी आला तरी निर्धास्त राहू नका. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड या मीटरला ओळखता येत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

आता घरचा प्रयोग. एकसारख्या दोन बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत तेच पाणी दहा मिनिटं उकळून, थंड करून, वरचं निवळलेलं. दोन्हींत अंघोळीच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. (डिटर्जंट नको, त्याला जड पाण्यातही फेस येतो.) उकळलेल्यात फेस जास्त आला, तर तुमचा जडपणा बराचसा बायकार्बोनेटचा, म्हणजे उकळून जाणारा. तळाशी बसलेला पांढरा साका तोच. फरक पडला नाही, तर तो सल्फेट-क्लोराइडचा. तो उकळून जात नाही.

डाळ का शिजत नाही? कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं. उपाय सोपा: डाळ भिजवायला आणि शिजवायला उकळून निवळलेलं पाणी वापरा.

गिझरचं दुखणं वेगळं. पाणी जितकं जास्त तापेल तितका साका जास्त, म्हणून तापमान कमी ठेवा. स्वयंपाकघरातला आरओ गिझरला वाचवत नाही. तिथे सॉफ्टनर लागतो. तो कॅल्शियम काढून सोडियम सोडतो, त्यामुळे टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. मीटर बघून "मशीन बिघडलं" म्हणू नका!

आईच्या बाटलीत फेस छान आला. आरओ तूर्त थांबलाय, पाण्याचा नमुना तपासणीला गेलाय. आधी तपासणी, मग खरेदी. तुम्हीही हाच क्रम ठेवा.