एनपीसीला बळ किती द्यावे?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये प्रत्येक खेळाडू एकेक पात्र रंगवतो. उरलेली सगळी माणसे, म्हणजे पहारेकरी, सराईवाले, मारेकरी, राजे, एकटा डंजन मास्टर चालवतो. त्यांना एनपीसी म्हणतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. एनपीसीला किती बळ द्यायचे, याचे उत्तर मात्र आवृत्तीगणिक बदलत गेले.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने सर्वांना एकच मापदंड लावला. खेळाडूचा योद्धा ज्या नियमांनी घडतो, त्याच नियमांनी शत्रूचाही. साध्या गावकऱ्यासाठीसुद्धा ‘कॉमनर’ नावाचा वर्ग होता. हे न्याय्य वाटते, पण दोन-चार फेऱ्यांत मरणाऱ्या शत्रूची कौशल्ये आणि मंत्र पानभर मांडण्यात डंजन मास्टरची संध्याकाळ जाई.

शिवाय नियम सारखे असले तरी आयुष्य सारखे नसते. खेळाडूच्या जादूगाराला मोजके मंत्र दिवसभर पुरवावे लागतात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने एका दिवसात ६ ते ८ मध्यम किंवा कठीण चकमकी गृहीत धरल्या होत्या. शत्रूच्या जादूगाराला उद्याची चिंता नसते. तो सर्वांत घातक मंत्र पहिल्याच फेरीत फेकतो. म्हणून समान लेव्हलचा एनपीसी त्या एका लढाईपुरता खेळाडूला भारी पडू शकतो.

पाचव्या आवृत्तीने हे ओळखून एनपीसीची मांडणीच वेगळी केली, आणि तेच योग्य झाले. २०१४ मधला ‘आर्चमेज’ अठराव्या लेव्हलच्या जादूगाराइतके मंत्र जाणत असे, पण त्याचे घाव सोसण्याचे हिट पॉइंट ९९ होते आणि चॅलेंज रेटिंग फक्त १२. ताज्यातवान्या, सुसज्ज अशा चार पात्रांनी एकही साथीदार न गमावता आपल्या लेव्हलइतक्या रेटिंगचा शत्रू हरवावा, असा या आकड्याचा अर्थ. हे रेटिंग ठरवण्यासाठी शत्रूची मारक शक्ती मोजताना त्याच्या पहिल्या तीन फेऱ्यांतल्या घावांची सरासरी घेत.

तरी हा आकडा संख्येपुढे अपुरा पडतो. एकट्या शत्रूला फेरीत एक खेळी मिळते, चौघा खेळाडूंना चार. त्यामुळे बलाढ्य सरदारही एकटा असला की लवकर कोसळतो, आणि दुबळे आठ डाकू धोकादायक ठरतात. याच आवृत्तीत ३ ते ६ शत्रूंच्या लढाईची कठीणता मोजताना त्यांचे एकूण अनुभवगुण दुप्पट धरले जात.

मित्रपक्षातला एनपीसी अधिक अवघड. तो खेळाडूंपेक्षा सरस निघाला, तर डंजन मास्टर स्वतःशीच लढतो आणि बाकीचे बघत बसतात. १९८१ च्या बेसिक नियमांत भाडोत्री साथीदारांची संख्या नायकाच्या करिश्म्यावर ठरे. त्यांना अनुभवगुण निम्मेच मिळत, आणि धीर सुटला की ते पळूनही जात. २०२० मध्ये ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ने साथीदारांसाठी योद्धा, जाणकार आणि जादूगार असे तीन सोपे वर्ग दिले. ते नायकांबरोबर वाढतात, पण नायकांच्या वर्गांपेक्षा साधेच राहतात. त्यांना चालवण्याचे काम एखाद्या खेळाडूकडेही देता येते.