कारखान्यातील गोंगाट आणि कानांची तपासणी
बेळगावच्या फाउंड्रीत वर्षानुवर्षे राबलेला कामगार घरी सांगतो, "आवाज येतो, शब्द उमगत नाही." गोंगाटाने प्रथम सेकंदाला 4000 कंपनांच्या आसपासचे उंच ध्वनी हरपतात, 'स'सारखी व्यंजने त्यांवरच ओळखली जातात. अंतर्कर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यावर औषध नाही.

विमेकरी नोकरीच्या आरंभीच श्रवणमापन मागतात, तेव्हा कामगार बिचकतो. ते स्वतःच्या बचावासाठी मागतात, हे खरेच. परंतु तो आलेख कामगाराचाही साक्षीदार होय. तो नसल्यास पुढे बहिरेपणाचा दोष वार्धक्यावर ढकलणे फार सोपे. म्हणून त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. तपासणी मात्र पाळीपूर्वी, रात्रभराच्या विश्रांतीनंतर करवून घ्यावी. पाळी सुटताच कान काही काळ मंदावलेलेच असतात.