पत्र्याखालचं पाणी, मुलांचा खोकला

मुंबईच्या पावसाळ्यात वस्तीत घरभेटीला गेलो की आम्ही आधी पोटमाळा पाहतो. पाऊस नसतानाही पहाटे पत्र्याखाली थेंब जमतात. ती दरवेळी गळती नसते. स्वयंपाकाची, श्वासाची वाफ गार पत्र्याला लागून तिचं पाणी होतं. वर ताडपत्री टाकून ते थांबत नाही. ओलसर गोधड्यांना बुरशी धरते आणि तिथेच झोपणाऱ्या मुलांचा खोकला, धाप वाढते.

म्हणून भिंत आणि पत्र्यामधली फट चिंध्या कोंबून बुजवू नका, जाळी लावा. शिजवताना झाकण ठेवा. ओले कपडे माळ्यावर वाळत घालू नका. बुरशी झाडू नका. नाकाला फडकं बांधून साबणाच्या पाण्याने पुसा. सिमेंटचा पत्रा मात्र घासू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मुलाला धाप लागली, तर दवाखाना गाठाच.