शनिवार-रविवारचे स्वीडन

परदेशी शिकावयास गेलेले मूल सुट्टीच्या दिवशी काय करते, ही गोष्ट घरच्या मंडळींना त्याच्या परीक्षेतील गुणांहूनही अधिक चिंतेत टाकीत असते. गुण निदान कागदावर उमटतात. शनिवार-रविवारचा हिशेब कोणत्याच कागदावर नसतो. २०२५ च्या ऑगस्टअखेर माझी पुतणी एका सत्रापुरती स्वीडनमधील लुंड विद्यापीठात गेली, तेव्हा पाटसच्या आमच्या एकत्र कुटुंबात या प्रश्नावरून जो वाद माजला, तो वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी थोड्याफार फरकाने झालाच असेल. म्हणून तिच्या पत्रांच्या आधारे हे लिहिण्याचे योजिले आहे.

प्रथम तेथील व्यवस्था सांगितली पाहिजे. २०११ पासून युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून स्वीडनमध्ये जबर फी घेतात; परंतु दोन विद्यापीठांच्या आपसांतील करारान्वये विद्यार्थी-विनिमयासाठी जाणाऱ्यास ती माफ असते. फी आपल्या येथेच भरावयाची. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र स्वतःचा, आणि तो काही थोडा नव्हे. तिकडे विषय एकामागून एक घेतात. वर्गातील तास मोजके. स्वतः वाचून आणावयाचे काम भरपूर. अर्थात वेळ मोकळा दिसतो, पण तो मोकळा नसतो.

घरातील आक्षेप दोन होते. माझ्या मातोश्रींचे म्हणणे, “एवढा पैसा घालून पाठवली ती शिकायला, गावे बघत हिंडायला नव्हे.” वहिनींचा आक्षेप निराळा व अधिक खोल होता. “आणि हिंडायचे ते एकटीने?” जी मुलगी जवळच्या सिद्धटेकासही कधी एकटी गेली नाही, ती परमुलखात अनोळखी स्टेशनांवर उतरणार, ही कल्पनाच त्यांना सोसवेना. मुलीने वाद घातला नाही. आठवड्याचे वाचन शुक्रवारी रात्रीपर्यंत पुरे करावयाचे, एका आठवड्याआड जावयाचे, आणि परत आल्यावर रविवारी रात्री घरी सविस्तर मराठीत पत्र धाडावयाचे, असे तीन नियम तिने आपण होऊन पत्करले. हल्ली पत्र म्हणजे मोबाइलवर क्षणात येणारी वस्तू. तरी मी ते सोमवारी सकाळी मातोश्रींस मोठ्याने वाचून दाखवीत असे.

‘एकटीने’ या आक्षेपास मी जे उत्तर दिले, ते आमच्याच तालुक्यातले आहे. पाटसहून पुण्याकडे जाताना दुसरे स्टेशन केडगाव. तेथे पंडिता रमाबाईंनी आपला मुक्तिसदन नावाचा आश्रम वसविला व तेथेच १९२२ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या धर्मांतराविषयी आमच्या घरांतून जे बोलले गेले ते सर्वांस ठाऊक आहे. तो वाद येथे नको. पण १८८६ साली ही विधवा बाई लहानगी मुलगी बरोबर घेऊन इंग्लंडहून अमेरिकेस गेली, तो देश हिंडून पाहिला, आणि १८८९ साली तेथील लोकस्थितीवर मराठीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात शाळा, राज्यकारभार व स्त्रियांची स्थिती या गोष्टींचा तपशीलवार विचार आहे. पाहण्यास जाणे आणि हिंडण्यास जाणे यांतील भेद याहून स्पष्ट करून दाखविणारे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

पहिल्या शनिवारी मुलगी कोठेच गेली नाही. तिने लुंडच पाहिले. विद्यापीठ १६६६ सालचे; त्यापूर्वी आठच वर्षे, १६५८ साली, हा मुलूख डेन्मार्ककडून स्वीडनकडे आला होता. नव्याने मिळालेल्या प्रजेस आपलीशी करण्यास विद्यापीठ काढावे, ही राजनीती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गावच्या दगडी कॅथीड्रलात १४२४ च्या सुमाराचे खगोलीय घड्याळ असून, १९२३ साली ते दुरुस्त करून पुन्हा चालू केले. ठरावीक वेळी वाद्य वाजते आणि तीन राजे व त्यांचे सेवक मेरीच्या मूर्तीपुढून वंदन करीत निघून जातात. हे ऐकून मातोश्री म्हणाल्या, “म्हणजे पालखीच म्हणायची.” तुकोबारायांची पालखी वरवंडहून निघून पाटसमार्गे रोटीच्या घाटाकडे जाते, आमच्या घरच्या उपमा तेथूनच येतात.

लुंडहून माल्मो आगगाडीने दहा-पंधरा मिनिटांवर. तेथून समुद्र ओलांडून डेन्मार्कला जाणारा मार्ग २००० साली खुला झाला. जवळजवळ आठ किलोमीटरांचा पूल, मग मुद्दाम घडविलेले एक बेट, आणि पुढे समुद्राखालून बोगदा अशी त्याची रचना आहे. सकाळी एका देशातून दुसऱ्या देशात कामास जाऊन संध्याकाळी घरी परतणारी माणसे पाहून मुलीस पुणे-दौंड गाडीची आठवण झाली. माल्मोविषयी तिने याहून फार लिहिले नाही. तेथे पोटभर शाकाहारी फलाफेल स्वस्तात मिळाले, हे मात्र दोनदा लिहिले. परदेशातील ब्राह्मणी पोटाचा इतिहास कोणी लिहिलाच तर त्यात हरभऱ्याच्या या वड्यांना मानाचे पान द्यावे लागेल!

सप्टेंबरअखेर ती स्टॉकहोमला गेली. लुंडहून गाडीला चार-साडेचार तास लागतात. हे शहर चौदा बेटांवर वसले आहे, पण त्या पत्राची तीन चतुर्थांश जागा एका जहाजानेच व्यापली होती. राजा दुसरा गुस्ताव्ह आडोल्फ याच्या आज्ञेने बांधलेली ‘वासा’ ही चौसष्ट तोफांची युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीस निघाली आणि सुमारे तेराशे मीटर जाऊन, साऱ्या शहराच्या डोळ्यांदेखत, बुडाली. तीसेक माणसे दगावली. जहाज वरून जड व तळाशी हलके होते. ही गोष्ट कोणासच ठाऊक नव्हती असेही नाही. निघण्यापूर्वी तीस माणसांना डेकवर या कडेहून त्या कडेस धावावयास लावून परीक्षा घेतली होती; जहाज इतके डोलू लागले की आरमाराच्या अधिकाऱ्याने ती परीक्षाच थांबविली. राजा त्या वेळी युद्धाच्या कामी बाहेर होता व जहाज लवकर पाठवा म्हणून त्याचा तगादा चालू होता. पुढे चौकशी झाली. मुख्य बांधणारा आधीच वारला होता. कोणासही शिक्षा झाली नाही.

बाल्टिक समुद्राचे पाणी फार खारट नसल्याने लाकूड पोखरणारा किडा तेथे टिकत नाही. म्हणून ३३३ वर्षे तळाशी राहूनही जहाज शाबूत राहिले. १९६१ साली ते वर काढले आणि लाकूड फाटू नये म्हणून सतरा वर्षे त्यावर एका रसायनाचे फवारे मारीत राहिले. १९९० साली त्याचे संग्रहालय उघडले. मुलीने लिहिले, “काका, आपल्याकडे कोणी आपल्या फजितीचे एवढे मोठे देऊळ बांधील का?” याचे उत्तर मी अद्याप दिलेले नाही. विजयाचे स्मारक उभारण्यास पैसा लागतो. पराभवाचे उभारण्यास आणखीही काही लागत असावे.

त्याच फेरीत तिने स्कान्सेन पाहिले. आर्टुर हाझेलियस नावाच्या गृहस्थाने १८९१ साली उघडलेले हे मोकळ्या आकाशाखालचे संग्रहालय. यंत्रयुगात जुने ग्रामजीवन नाहीसे होणार हे ओळखून त्याने देशोदेशी नव्हे, तर स्वदेशातच भ्रमण केले आणि शेतकऱ्यांची घरे, कोठारे उचलून आणून येथे पुन्हा उभी केली. वाड्यांची तुळई भंगारात विकणाऱ्या आमच्या पिढीने हे वाचून क्षणभर थांबावे.

दुसऱ्या दिवशी ती उप्सालाला गेली. स्टॉकहोमहून आगगाडीने सुमारे चाळीस मिनिटे. १४७७ सालचे विद्यापीठ, एकशे अठरा मीटर उंच शिखरांचे कॅथीड्रल, हे तर आहेच. पण आमच्या घराचे लक्ष वेधले ते लिनीयसच्या बागेने. वनस्पतींना दोन शब्दांचे लॅटिन नाव देण्याची जी पद्धत आज जगभर चालते, ती याच प्राध्यापकाने १७५३ च्या ग्रंथात रूढ केली. आमच्या पाटसच्या शिवारातील ऊस, दारचा आंबा, पारावरचा पिंपळ व वड या साऱ्यांची शास्त्रीय नावे त्याने दिलेली; मातोश्री रोज जिला पाणी घालतात त्या तुळशीचेही त्यानेच १७६७ साली बारसे केले. हा मनुष्य हिंदुस्थानात कधीच आला नाही. मग त्याला ही झाडे ठाऊक झाली कशी? एक मोठा आधार म्हणजे डच अधिकाऱ्याने मलबारात तयार करविलेला ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ. १६७८ पासून तो छापला जाऊ लागला. त्याच्या रचनेत इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे तीन कोंकणी ब्राह्मण होते आणि त्यांनी दिलेला दाखला नागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेला आहे. तीन कोंकणी ब्राह्मणांची विद्या डच ग्रंथातून उप्सालाच्या प्राध्यापकाच्या मेजावर पोहोचावी, आणि साडेतीनशे वर्षांनी पाटसच्या मुलीने त्याच्या बागेत उभे राहून ती गोष्ट आजीस कळवावी! मातोश्रींनी ते पत्र दुसऱ्यांदा वाचावयास लावले. गावे बघत हिंडण्याविषयीचा त्यांचा आक्षेप त्यानंतर मी ऐकला नाही.

ऑक्टोबरात गोटेनबर्ग झाले. १६२१ साली वसविलेले हे बंदर, डच कारागिरांनी आखलेले कालवे, रस्तोरस्ती ट्रॅम. इंग्रजांची व डचांची ईस्ट इंडिया कंपनी आम्ही शाळेत शिकतो; १७३१ साली स्वीडननेही तशी कंपनी काढली होती, हे मुलीस तेथे कळले. तिची बहुतेक जहाजे चीनमधील कँटनला जात. १७५० साली निघालेले एक सुरतेसही येऊन गेले. कंपनीची जुनी वखार आज शहराचे संग्रहालय आहे. १७४५ साली ‘गोटेबोर्ग’ नावाचे जहाज कँटनहून चहा, रेशीम व चिनी मातीची भांडी घेऊन परतले आणि बंदराच्या तोंडाशी, अगदी घर दिसू लागल्यावर, खडकावर आपटून बुडाले. हे वाक्य वाचताना वहिनी उठून आत गेल्या. लेक दूर असलेल्या आईस असल्या गोष्टी सांगू नयेत, हे संग्रहालयवाल्यांस कोण सांगणार?

नोव्हेंबरात सहली आखूड झाल्या. दुपारी चारच्या आतच अंधार पडू लागला व मुलीच्या पत्रांतील उत्साहही मंदावला. एका पत्रात नुसते, “आज कोठे गेले नाही. खिडकीत मेणबत्ती लावून वाचीत बसले,” एवढेच होते. अशा पत्रांनी आम्हांस अधिक धीर दिला. जी मुलगी कंटाळा लिहून कळविते, तिच्या आनंदावर विश्वास ठेवता येतो. एका रविवारी ती जवळच्या लांड्सक्रोना गावी जाऊन आली. तेथील मुलींच्या शाळेत सेल्मा लागरलॉफ ही लेखिका १८८५ पासून दहा वर्षे शिक्षिका होती. पुढे शाळेतील मुलांस देशाचा भूगोल शिकवावा म्हणून शिक्षकांच्या संस्थेने तिच्याकडे क्रमिक पुस्तक मागितले, तेव्हा तिने रानहंसांबरोबर उडत साऱ्या स्वीडनवरून फिरणाऱ्या एका मुलाची गोष्ट लिहून दिली. १९०९ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. साहित्यासाठी ते मिळविणारी ती पहिली स्त्री.

असल्या प्रवासास जाणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या. आगगाडीचे तिकीट जितके आधी काढावे तितके स्वस्त पडते व विद्यार्थ्यांस सवलत असते. स्वस्त वसतिगृहांतून अंथरुणावरची चादर पुष्कळदा आपली न्यावी लागते, नाहीतर तिचे वेगळे पैसे पडतात. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. रोख पैसे कित्येक दुकानांतून घेतच नाहीत.

अगदी उत्तरेकडील किरुना मात्र राहूनच गेले. तेथे लोखंडाची मोठी खाण आहे. ती खोल जात चालल्याने वरची जमीन खचू लागली, म्हणून अख्खे गावच पूर्वेकडे हलविण्याचे काम चालू आहे. १९१२ साली बांधलेले तेथील लाकडी चर्च, वजन सहाशे बहात्तर टन, मुलगी निघण्याच्या सुमारास, १९ व २० ऑगस्ट २०२५ रोजी, चाकांच्या गाड्यावर जसेच्या तसे चढवून पाच किलोमीटर दूर नव्या जागी नेले. त्याचे चित्रण आम्ही सर्वांनी घरी बसून पाहिले होते. मातोश्रींचे माहेर पळसदेव. उजनी धरणाच्या पाण्याखाली जुने गाव गेले, पळसनाथाचे देऊळही गेले. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते वर येते, आणि माणसे होडीने पाहावयास जातात. त्या चित्रणावर त्या तेव्हा काहीच बोलल्या नव्हत्या.

डिसेंबरात मुलीशी दूरध्वनीवर बोलताना त्यांनी आपण होऊन विचारले, “ते देऊळ हलवले त्या गावी गेलीस का गं?” मुलीने सांगितले की लुंडहून तिकडे आगगाडीने जवळजवळ अहोरात्र लागते, तिकीट महाग आहे, आणि हल्ली तेथे सूर्य उगवतच नाही. “दिसायचे काय मग,” म्हणून मातोश्रींनी दूरध्वनी वहिनींच्या हाती दिला. थोड्या वेळाने मात्र त्यांनी मला विचारले, तिकीट महाग म्हणजे किती?